दिल्लीचा कोपरा

आमच्या मोठ्या मास्तरांना दोन डोकी आहेत असं गावातली पोरं म्हणत, आणि पोरांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. एक डोकं फेट्याचं, एक काळ्या टोपीचं. फेटा बांधला की ते बोर्डाच्या मराठी शाळेचे हेडमास्तर, आणि टोपी चढवली की त्याच खोलीतले ब्रँच पोस्टमास्तर. त्या काळी खेड्यापाड्यांतून असंच चाले. टपालखात्याला गावात लिहिता-वाचता माणूस लागे, आणि तसा माणूस बहुधा शाळामास्तरच असे. इतर गावचे मास्तर एका हातानं बाराखडी गिरवून घेत आणि दुसऱ्या हातानं पाकिटावर शिक्का मारत. आमच्या मास्तरांना ते पाप वाटे.

मास्तरांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मीही पेन्शनीत निघालो. पुढे माझ्या हाताखाली बरेच मास्तर आले, माझ्या डोक्यावर बरेच साहेब बसले, पण मला आठवण येते ती त्या दोन डोक्यांच्या एका माणसाची, आणि हल्ली ती जरा जास्तच येते.

मी त्या गावी दुय्यम मास्तर म्हणून गेलो तेव्हा मला धड मिशी फुटली नव्हती. वाशीमहून बैलगाडीनं केनवड, आणि पुढे शेताशेतांतून पायी. पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. शाळा म्हणजे एकच लांबोडकी कौलारू खोली. एका टोकाला फळा, दुसऱ्या टोकाला टेबल, आणि टेबलामागे काळी टोपी घातलेला, वाळक्या अंगाचा एक माणूस नाकावर चष्मा घेऊन बसलेला. खोलीच्या मधोमध जमिनीवर चुन्याची रेघ ओढलेली होती. मी तिच्यावरून पाय टाकून टेबलाशी गेलो, वाकून नमस्कार केला आणि बोर्डाचा हुकूम पुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"हे पोस्ट ऑफिस आहे," ते छापील मराठीत म्हणाले. "शाळेचं काम असल्यास हेडमास्तरांना दोन वाजता भेटावं."

"हेडमास्तर कुठे आहेत?"

"आत्ता इथे नाहीत."

मी ओट्यावर जाऊन बसलो. पोटात कावळे ओरडत होते. दोन वाजता आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वळून पाहतो तो तोच माणूस भिंतीकडे तोंड करून टोपी एका खुंटीला लावतोय आणि दुसऱ्या खुंटीवरचा फेटा काढून डोक्याला गुंडाळतोय. फेटा बांधून झाल्यावर त्यानं खुर्ची उचलली, रेघ ओलांडून अलीकडे आणली, आणि दारातून मला पाहिलं मात्र, त्याचा चेहरा एकदम फुलला.

"अरे बाप्पा! धाकले मास्तर का तुमी? कवाचे बसून राह्यले इथं उन्हात? आवाज तं द्याचा! पानी घेतलं का नाई?"

माझी थट्टा चालली आहे असं मला वाटलं. आठवड्याभरात कळून चुकलं की ह्या माणसाला थट्टा करताच येत नाही.

त्यांचं म्हणणं तसं साधं होतं. आमचा वऱ्हाड हा विचित्र मुलूख. जमीन कागदोपत्री निजामाची, राज्य इंग्रजांचं, कारभार नागपूरच्या सरकारचा, शाळा अकोल्याच्या बोर्डाची, आणि टपाल थेट दिल्लीचं. एवढे धनी एका गावावर म्हटल्यावर कोणाचा हुकूम कुठवर चालतो हे कोणी तरी आखून ठेवायला नको का? म्हणून ती रेघ. रेघेच्या अलीकडे बोर्ड, पलीकडे दिल्ली. तहसीलदार आला काय किंवा शाळांचे डिप्टीसाहेब आले काय, रेघेपलीकडे ते दिल्लीचे गिऱ्हाईक. एकदा डिप्टीसाहेब नेमके पोस्टाच्या वेळात तपासणीला आले, तेव्हा मास्तरांनी त्यांना अदबीनं विचारलं, "आपल्याला कार्ड पाहिजे की पाकीट?" साहेब इतके गांगरले की त्यांनी कार्ड विकत घेतलं.

तेव्हा वर्तमानपत्रांत फेडरेशन येणार, संघराज्य येणार अशी चर्चा चालू होती. गावात वर्तमानपत्र एकट्या मास्तरांकडे येई, आणि संध्याकाळी पारावर बसून ते लोकांना बातमी उलगडून सांगत. "हे पाहा, चार भाऊ हायेत. घर एक, चुली चार. या चुलीवरचं भांडं त्या चुलीवाल्यानं उतरवाचं नाई. हुकमाले हद्द पाह्यजे, तवाच घर टिकते."

त्यांची बायको, जिला आम्ही सगळे वयनी म्हणत असू, हंडा घेऊन नेमकी तिथून चालली होती. ती थांबली. "चुली चार झाल्या. आन् पानी कोन भरून राह्यलं, थे नाई सांगतलं?"

पारावर हशा पिकला. मास्तर तेवढे हसले नाहीत. रात्रभर त्यांनी त्याचा विचार केला असावा, कारण सकाळी मला म्हणाले की हिचा मुद्दा बरोबर आहे, फेडरेशनच्या कायद्यात त्याची काही तरतूद दिसत नाही. दुसऱ्या एका खेपेला एका म्हाताऱ्या कास्तकारानं त्यांना अडवलं होतं. "जमीन त्याईची, टपाल ह्याईचं, शाळा आनखी तिसऱ्याची. मंग आमी कोनाचे, मास्तर?" मास्तर म्हणाले, "तुमी पावसाचे." म्हाताऱ्याला ते एकदम पटलं.

शाळेची शाई वेगळी, पोस्टाची वेगळी. टाक वेगळे, टीपकागद वेगळे. पोस्टात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना टेकायला जागा नव्हती आणि शाळेचं एक बाक रिकामं पडलेलं होतं. हातभर सरकवलं की काम भागलं असतं. पण पोस्टमास्तरांनी हेडमास्तरांना रीतसर पत्र लिहिलं. हेडमास्तरांना ते मिळालं. त्यावर हेडमास्तर विचारात पडले, आणि बाक काही हलेना. शेवटी मी म्हटलं, "मास्तर, द्या की हो ते बाक."

"देतो," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "पन त्या पोस्टमास्तरची एक खोड तुमाले ठाव नाई. आज बाक मांगून राह्यला, उद्या फळा मांगीन."

मला हसू आवरेना. मी ओट्यावर पळालो आणि पोट धरून हसलो. परत आलो तेव्हा ते फेटा सावरत हेडमास्तरांचं उत्तर लिहीत होते, आणि बाक मिळालं ते "पुढील हुकूम होईपर्यंत" मिळालं.

असं असलं तरी गावाचा जीव होता तो फेट्यातल्या माणसावर. मी पुढे ट्रेनिंगला गेलो, अध्यापनाच्या पद्धती शिकलो, त्यांच्यावर परीक्षाही दिल्या. पण मास्तर ज्या तऱ्हेनं शिकवत ती मला कोणत्याच पद्धतीत सापडली नाही. भूगोल ते अंगणात शिकवत. पोरांना नद्या करत. एक पोरगी पैनगंगा, तिनं बुलढाण्याकडून निघायचं, मेहकरावरून, रिसोडावरून वळसे घेत यायचं. वाटेत पूस येऊन तिचा हात धरणार, मग दोघींनी मिळून वर्धेला गाठायचं. एकदा पूस झालेला पोरगा हात धरेना. सकाळी त्याचं पैनगंगेशी भांडण झालेलं होतं, तिनं त्याची बोरं खाल्ली होती. तो आंब्याच्या बुंध्याशी जो उभा राहिला तो हलेचना. मास्तर त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी समजुतीनं म्हणाले, "नदीले रुसता येत नाई, बाप्पा. खाली उतार हाये. जाच लागते." पोरगा रडतरडत गेला आणि पैनगंगेला मिळाला. त्या दिवशी घरी जाऊन सगळ्या पोरांनी आयांना नकाशा काढून दाखवला, चुलीतल्या कोळशानं, भिंतींवर. वयनींना गावातल्या बायकांची बोलणी खावी लागली.

टोपीच्या पायी एवढा खटाटोप कशाला, असं मला तेव्हा वाटे, आणि कासाबाईची हकिगत कळेपर्यंत वाटत राहिलं.

कासाबाई ही गावातली एक विधवा बाई. तिचा पाटलाशी वावराच्या बांधावरून वाशीमच्या कोर्टात दावा होता. मास्तर गावात नवे असतानाची गोष्ट, तेव्हा गावात पोस्ट नव्हतं. रिसोडचा टपालवाला आठवड्यातून एकदा यायचा आणि अख्ख्या गावाचं टपाल पाटलाच्या चावडीवर टाकून जायचा. कासाबाईच्या वकिलानं तारखेचं कार्ड टाकलं. ते चावडीच्या कोनाड्यात पडून राहिलं. तारीख निघून गेली, बाई कोर्टात हजर नाही म्हणून निकाल एकतर्फी झाला, आणि वावर पाटलाकडे गेलं. कार्ड तिला मिळालं ते त्यानंतर. ते घेऊन ती मास्तरांकडे आली, वाचून दाखवा म्हणाली. मास्तरांनीच ते तिला वाचून दाखवलं होतं. हे त्यांनीच मला सांगितलं. "म्या वाचलं ना भाऊ त्या बाईले. गेलेली तारीख वाचून सांगतली."

त्यानंतर त्यांनी अर्जांवर अर्ज करून गावात पोस्ट आणलं. ते चावडीत नको, पाटलाकडे नको, दुकानदाराकडेही नको असं लिहून आणलं. ज्याच्या हातात जमीन त्याच्या हातात टपाल असू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि शाळेतही ते शाळेचं म्हणून असू नये, कारण बोर्डावर उद्या पाटलाचेच सोयरे निवडून येतील. म्हणून रेघ, म्हणून दोन शाया, म्हणून दोन खुंट्या. कासाबाईला तिच्या उभ्या जन्मात पुन्हा कोणाचं पत्र आलं नाही. तरी दुपारी ती शाळेच्या दाराशी यायची, आत डोकावून पाहायची आणि विचारायची, "चालू हाय ना बाप्पा?" टोपीतले मास्तर मान डोलवत. मग ती जाई.

पाटलाला हे सगळं सलत होतं. तो कधीमधी टेबलाशी येऊन गोड बोलून विचारी, "आज कोनाकोनाचं टपाल आलं, मास्तर?" मास्तर चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, "ज्याचं आलं त्याला कळेल." पाटील हसत हसत निघून जाई. तो हसला की मला भीती वाटे.

लढाई सुरू झाली. गावातली काही पोरं पलटणीत गेली, त्यांची पत्रं यायला लागली, आणि दुपारी पोस्टापुढे बायकांची गर्दी होऊ लागली. अशात एक दिवस बोर्डाचा हुकूम आला की मोठ्या मास्तरांना बढती. धनजच्या शाळेवर हेडमास्तर. मोठी शाळा, हाताखाली मास्तर, पगारही वाढलेला. धनज कारंज्याच्या बाजूला, म्हणजे आमच्या गावाहून चांगली लांबची वाट. मला इतका आनंद झाला की मी शाळेत गूळ वाटला. गुळाचा खडा पोरांच्या तोंडात विरघळतो न विरघळतो तोच दुसरी बातमी आली. बढतीची शिफारस केली होती ती बोर्डाचे मेंबर असलेल्या पाटलाच्या मेव्हण्यानं. आणि पाटलानं टपालखात्याकडे अर्जही लावून दिला होता की मास्तर जाताहेत, गावची गैरसोय होऊ नये म्हणून पोस्ट मी माझ्या घरी चालवायला तयार आहे. जो गुळानं मरतो त्याला विष कशाला घालायचं, हे पाटलाला बरोबर ठाऊक होतं.

"पोस्ट मी चालवतो," मी म्हटलं.

मास्तरांनी मान हलवली. खात्याला गावात घरदार असलेला माणूस लागतो, जामीन लागतो. मी कालचा पोरगा, भाड्याच्या पडवीत राहणारा. बोर्डानं उद्या माझीही बदली केली तर पोस्ट पुन्हा वाऱ्यावर. ते हे सांगत असतानाच कासाबाई दारात आली. तिला सगळं कळलेलं होतं, गावात काय लपून राहतं? ती आत आली नाही.

"तुमी जा, मास्तर," ती म्हणाली. "आमच्यापायी कायले अडकता? माहं वावर तं गेलंच हाय. आता जाईन तं दुसऱ्या कोनाचं जाईन."

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की ह्या माणसाचं भलं व्हावं. मास्तर फेट्याचा शेमला हातात घेऊन नुसते चाळवत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शाळा घेतली ती अशी घेतली की मी माझा वर्ग सोडून ऐकत बसलो. बारा वाजता भिंतीकडे तोंड केलं, फेटा खुंटीला लावला, टोपी घातली. टपाल आलं, वाटलं गेलं, बायका पत्रं घेऊन गेल्या. दोन वाजले. पोरं जेवून आली आणि आपापल्या जागी बसली. मास्तर टोपी काढेनात. पोरं त्यांच्याकडे बघताहेत, मी बघतोय. मग त्यांनी मला बोटानं बोलावलं. मी रेघेपलीकडे गेलो.

"हेडमास्तरांचा राजीनामा आजच्या थैलीतून बोर्डाकडे गेला," ते म्हणाले. "शाळेचा चार्ज आता आपल्याकडे आहे."

"मास्तर, हे काय केलं तुम्ही? हेडमास्तर कुठे आहेत? मला त्यांच्याशी बोलायचंय!"

"ते गेले," मास्तर म्हणाले, आणि शिक्क्याची शाई पुसायला लागले.

मी तिरीमिरीत त्यांच्या घरी गेलो, वयनींशी भांडायला. त्या ज्वारी निवडत होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "मले ईचारलं त्याईनं," त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, पोटाची काळजी नोका करू. माह्या बापानं देल्लेलं वावर हाये, दोघाईपुरती ज्वारी होते. पन पोराईशिवाय तुमी कसे राहान, थे तुमचं तुमी पाहा. तं उठून बैलाले पानी दाखवाले गेले."

बदली नाकारून शाळेवर राहता येत नव्हतं, पण पोस्टमास्तर आता गावातच राहिले, म्हणून पाटलाचा अर्ज बाद झाला. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला, आणि हेडमास्तर म्हणून बोर्डानं माझं नाव कायम केलं. पहिलंच पत्र मला आलं ते रेघेपलीकडून. टपालखात्याला शाळेचा उत्तरेकडचा कोपरा वापरण्याची पूर्वीप्रमाणे परवानगी असावी, अशी विनंती. मी उत्तर लिहायला बसलो आणि डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसानं मला हजेरी घ्यायला शिकवली, त्याला मी कोपरा कसला देणार? पण उत्तर न दिल्यास तो माणूस ओट्यावर टेबल मांडून बसेल, हेही मला माहीत होतं. दिली परवानगी.

मग सुरू झाले ते दिवस. पोस्टाची वेळ बारा ते दोन. मास्तर मात्र सकाळी शाळा भरताना यायचे आणि सुटेपर्यंत बसायचे. काही ना काही काम काढून बसायचे, तिकिटं नीट लावायचे, थैलीचा दोरा तपासायचे, खिडकीकडे तोंड करून. मी पाढे म्हणवून घेऊ लागलो की टेबलाखाली त्यांचा पाय ठेका धरायचा. वाचताना एखादं पोर शब्दाशी अडलं की त्यांचे ओठ हलायचे, पण आवाज निघायचा नाही. पहिल्या पहिल्यांदा पोरं सवयीनं त्यांच्याकडे पळत. एक चिमुरडी रेघेशी जाऊन उभी राहिली आणि हात लांब करून पाटी त्यांना दाखवू लागली. पाटीवर तिनं पहिल्यांदाच आपलं नाव लिहिलं होतं. मास्तरांनी पाटी पाहिली. किती वेळ पाहत होते! मग म्हणाले, "शाळेचं काम हेडमास्तरांना दाखवावं." पोरीला काही समजलं नाही, तिनं भोकाड पसरलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं वयनींनी मला सांगितलं.

एकदा शाळा सुटल्यावर मी न राहवून म्हटलं, "मास्तर, टोपी काढा आणि या इकडे घटकाभर. कोण पाहतंय?"

"मी पाहून राह्यलो ना," ते म्हणाले. टोपी असताना ते वऱ्हाडी बोलले असं तेव्हाच काय ते मी ऐकलं. "आज म्या शाळेत पाय टाकला, तं उद्या पाटील पोस्टात पाय टाकीन. मंग त्याले कोन्या तोंडानं अडवू? आन् तुमाले काय वाटते, मले नाई वाटत? सकाळी घरून निंगालो का वाटते, आज बसतोच पोराईत. दारापाशी आलो का कासाबाई दिसते."

पाटील खरंच टपून होता. त्याचा एक गडी दुपारी उगाच शाळेपाशी घुटमळायचा, मास्तरांची एखादी चूक वर कळवायला मिळावी म्हणून. मी मुकाट्यानं कुलूप लावलं आणि आम्ही दोघं आपापल्या वाटेनं घरी गेलो.

असं वर्ष उलटलं असेल. एका बाजाराच्या दिवशी मला बोर्डाच्या कामासाठी रिसोडला जावं लागलं. पोरांना मी सांगून ठेवलं होतं की दुपारपर्यंत आपले आपण पाठ करत बसा आणि मग घरी जा. रिसोडला साहेबच नव्हते, म्हणून मी तसाच उलट पावली फिरलो आणि ऊन कलायच्या आत गावात पोचलो. शाळेपासून थोड्या अंतरावर विहीर आहे. तिथवर आलो आणि थबकलो. पोस्टाची वेळ संपून गेली होती, तरी शाळा सुटलेली नव्हती. आतून पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता. माझ्या वर्गात ती अशी कधी हसली नव्हती, आणि हे लिहायला मला आज काही वाटत नाही.

मी खिडकीच्या कडेनं पाहिलं. मास्तर फळ्यापाशी होते, पोरांच्या मधोमध, जमिनीवर मांडी घालून. डोक्यावर काहीच नव्हतं. त्यांचे केस इतके पांढरे झालेले मला ठाऊकच नव्हते. कसली तरी गोष्ट सांगत होते, एका कोल्ह्याला गणित येत नव्हतं त्याची, आणि कोल्ह्याला न येणारं गणित पोरं ओरडून ओरडून सोडवत होती. मी खाली वाकलो आणि चोरपावलांनी मागे फिरलो. आत गेलो असतो तर मास्तर उठून उभे राहिले असते. विहिरीच्या काठावर बसून राहिलो. पाटलाचा गडी त्या बाजूनं येताना दिसला, तेव्हा त्याला हाक मारून, तंबाखू देऊन, बैलांच्या किमतीच्या गप्पांत गुंतवून ठेवला. शाळा सुटेपर्यंत त्याला काही उठू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरी घेत होतो. मास्तर रेघेपलीकडे उभे राहिले. टोपी नीट बसवलेली, कोटाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली.

"हेडमास्तर," ते म्हणाले, "काल आपल्या गैरहजेरीत ह्या शाळेत एका बाहेरच्या इसमानं शिकवलं. टपालखात्याच्या हे निदर्शनास आलं आहे. चौकशी व्हावी."

मी पेन खाली ठेवलं. पोरं चिडीचूप झाली. त्यांच्याकडे वळून मी आवाज चढवून विचारलं, "काय रे, काल शाळेत कोणी बाहेरचा माणूस आला होता?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पाटीवर नाव लिहिणारी ती चिमुरडी उभी राहिली. "नाई गुरुजी. बाहेरचं कोनी नाई आलं."

ती खोटं बोलत नव्हती. बाकीच्यांनीही माना हलवल्या. मी मास्तरांकडे पाहिलं आणि म्हटलं, "चौकशी झाली, पोस्टमास्तर. बाहेरचं कोणी आलेलं नाही."

मास्तरांनी चष्मा काढला, खिशात रुमाल शोधला, तो सापडेना म्हणून कोटाच्या बाहीनं डोळे पुसले आणि टेबलाकडे गेले. त्या दिवशी कार्डांवरचे शिक्के सगळे वाकडे पडले होते, असं नंतर बायका सांगत होत्या.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी मला रिसोडला काम निघू लागलं. रिसोडला मला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. मी सकाळी डबा घेऊन, सगळ्या गावाला दिसेल असा निघे, नाल्याच्या वळणावरून मागे येई आणि विहिरीपाशी बसे. तो गडीही येई. त्याला काय ते कळलेलं होतं, पण तंबाखू खाऊन तोही ऐकत बसे. मास्तर थकून घरी बसेपर्यंत हे चाललं. पुढे माझ्या बदल्या झाल्या, मी मोठ्या शाळा पाहिल्या, चांगले शिक्षक पाहिले. आज मला कोणी विचारलं, तुम्हाला कुठे बदली पाहिजे, तर मी तीच जागा मागेन. शाळेत नको. बाहेर, त्यांचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर.